वर्गातले शहाणे मूल

गेल्या महिन्यातली गोष्ट. संध्याकाळचा वर्ग सुटला होता. तंबोऱ्यांवर गवसण्या चढवून मी खिडक्या लावून घेत होतो, तोच दांडिया बाजारातले आमचे एक वृद्ध स्नेही जिना चढून वर आले. वय ऐंशीच्या घरात, गुडघे दुखरे. एरवी ते मला खालीच बोलावून घेतात. आज आपणहून वर आले त्या अर्थी काम तसेच असणार हे मी ओळखले. बाकावर टेकून त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला. अमेरिकेत असलेल्या त्यांच्या मुलाने नातीचे प्रगतिपुस्तक पाठवले होते.

नात सात वर्षांची. वाचन उत्तम, गणित त्याहून उत्तम. परंतु खाली बाईंचा शेरा होता : मुलगी गोड आहे, मात्र वर्गात स्वतःहून बोलत नाही, विचारले तर खाली पाहते, तिने अधिक भाग घ्यावयास हवा, तीन महिन्यांत फरक न पडल्यास शाळेचे तज्ज्ञ आईवडिलांशी बोलतील.

“मास्तर, मुलगी गप्प बसते, ही तक्रार कशी हो?” त्यांनी विचारले. “आमच्या वेळी गप्प बसणाऱ्याच्या पाठीवर शाबासकी पडायची. मोठ्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहू नये, असे आम्हीच तिला शिकवले. आता त्याचेच तज्ज्ञ बोलावणार?”

“नाना, बाईंचा हेतू वाईट नसेल,” मी म्हणालो.

“हेतू चांगला आहे म्हणूनच भीती वाटते,” ते म्हणाले. “वाईट हेतू असता तर भांडलो असतो.”

त्यांचे हे वाक्य माझ्या मनातून जाईना. शिक्षक म्हणून मीही आयुष्यभर शेरेच मारत आलो आहे, आणि बहुतेक सद्हेतूने. तेव्हा या प्रश्नाकडे जरा निवांतपणे पाहावे असे वाटले. कारण हा प्रश्न नानांच्या एकट्या घरचा नाही. आपल्या जुन्या मराठी कुटुंबांपैकी फारच थोडी अशी असतील, की ज्यांचे एखादे नातवंड परक्या देशात किंवा परक्या प्रांतात शाळेत जात नाही.

प्रथम आपल्याच भाषेतला एक शब्द पाहू. ‘शहाणा’. याचा कोशातला अर्थ सुज्ञ, समजदार. परंतु लहान मुलाला आपण “शहाण्यासारखा बस” असे म्हणतो, तेव्हा त्याने बुद्धीची चमक दाखवावी अशी आपली इच्छा नसते. त्याने हातपाय आवरून, मोठ्यांच्या मध्ये न बोलता बसावे एवढेच आपल्याला हवे असते. ‘मूल शहाणे आहे’ म्हणजे ते ऐकणारे आहे. बुद्धी आणि आज्ञाधारकपणा आपण एकाच शब्दात बांधून टाकले आहेत. आणि त्या बुद्धीने आपले कुंपण ओलांडले, की त्याच शब्दाची शिवी होते : “शहाणपणा करू नकोस”, “दीडशहाणा कुठला!”

आपल्या शेजारच्या गुजराती घरांतही हेच. ‘डाह्यो दीकरो’ म्हणजे ऐकणारा, समजूतदार मुलगा. आणि फार बोलू लागला की ‘दोढडाह्यो’. दीड हा आकडासुद्धा दोघांचा एकच! पिढ्यान्‌पिढ्या एका गल्लीत राहिल्यावर शब्दांनीही एकमेकांकडे जेवायला जावे, यात नवल नाही.

नवल वाटते ते जपानी भाषेचे. तेथेही लहान मुलांसाठी ‘ओरिको’ असा शब्द आहे. त्यात हुशार आणि गुणी हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. या शब्दावरून एक मोठी बोधप्रद हकीकत घडली, ती सांगण्याजोगी आहे.

जोसेफ टोबिन, डेव्हिड वू आणि डाना डेव्हिडसन या तीन संशोधकांनी 1980 च्या दशकात जपान, चीन आणि अमेरिका या तीन देशांतल्या एकेका बालशाळेतील एका दिवसाचे चित्रण केले. पुढची युक्ती फार चांगली. तीच चित्रफीत त्यांनी तिन्ही देशांतल्या शिक्षकांना आणि पालकांना दाखवली आणि विचारले, तुम्हाला येथे काय दिसते? त्यावरचे त्यांचे पुस्तक 1989 साली निघाले.

जपानमधली शाळा क्योतो शहरात, एका बौद्ध मंदिराच्या आवारात होती. तेथे हिरोकी नावाने ओळखला जाणारा चार वर्षांचा एक मुलगा होता. बाकीची मुले आपापले काम करीत असताना हा मोठमोठ्याने गाणी म्हणायचा, वात्रट बोलायचा, दुसऱ्यांना मारायचा. खेळातली पत्त्यासारखी कार्डे त्याने सज्जातून खाली फेकून दिली. मुले बाईंकडे गाऱ्हाणे घेऊन गेली, तर बाईंनी, तुमचे तुम्हीच काहीतरी करा, अशा अर्थाचे सांगून त्यांना परत पाठवले.

अमेरिकेतल्या प्रेक्षकांना बाईंचे हे वागणे म्हणजे हलगर्जीपणा वाटला. आणि हिरोकीविषयी त्यांनी तर्क केला, की हा मुलगा विशेष बुद्धिमान असावा. काम लवकर संपते, मग कंटाळा येतो, म्हणून तो असा वागतो. हा तर्क जपानी शिक्षकांच्या कानावर घातला तेव्हा ते चकित झाले. त्यांचे म्हणणे असे, की तो बुद्धिमान असता तर असा वागलाच नसता! दुसऱ्याचे मन ओळखून वागता येणे हीच तर लहान मुलाची बुद्धी. आणि बाई मध्ये पडल्या नाहीत त्या आळसाने नव्हे. मुलांनी आपसांतली भांडणे आपणच मिटवायला शिकावे, यासाठी त्यांनी हात मुद्दाम आवरला होता.

वर्गाच्या आकाराविषयीही असेच झाले. जपानी वर्गात एका बाईंकडे तीसच्या जवळपास मुले होती. अमेरिकन प्रेक्षकांना ही गर्दी वाटली. उलट अमेरिकेतला लहानसा वर्ग पाहून जपानी शिक्षकांना तो एकाकी, काहीसा उदास भासला. मूल तेच, खोली तीच, चित्रफीतही तीच. परंतु प्रत्येकाला तीत आपल्या घरचे शहाणपण किंवा त्याचा अभाव दिसत होता.

येथे कोणी म्हणेल, की ठीक आहे, माणसे वेगवेगळी मते बाळगतात; त्यात मुलाचे काय बिघडते? बिघडते ते असे, की वर्गात मताधिकार एकट्या शिक्षकाला असतो. त्याच्या मताचा शेरा होतो, शेऱ्याची नोंद होते आणि नोंद मुलाच्या मागे वरच्या वर्गात जाते.

अमेरिकेच्या ओरेगन राज्यात वॉर्म स्प्रिंग्ज नावाची तेथल्या मूळ रहिवाशांची, म्हणजे ज्यांना आपण सवयीने रेड इंडियन म्हणत आलो त्यांची, राखीव वसाहत आहे. तिथल्या शाळांत सुझन फिलिप्स या विदुषीने वर्षानुवर्षे बसून निरीक्षण केले आणि 1983 साली ग्रंथ प्रसिद्ध केला. शिक्षकांची तक्रार नानांच्या नातीच्या बाईंसारखीच होती : ही मुले बोलत नाहीत. नाव घेऊन उभे केले तर गप्प. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे फारसे पाहत नाहीत, म्हणजे लक्ष नाही.

फिलिप्सबाईंनी वर्गाबाहेरही पाहिले आणि वर्गातही वेगवेगळ्या वेळी पाहिले. साऱ्या वर्गासमोर एकट्याने उत्तर द्यायचे असले की ही मुले मिटून जात. परंतु चारपाच मुलांनी मिळून काम करायचे ठरले, की तीच मुले भरभरून बोलत. शिक्षकांपाशी एकेकटे जाऊन प्रश्न विचारायची मुभा असली, की तेथेही त्यांना संकोच नसे. कारण त्यांच्या घरची शिकण्याची रीत निराळी होती. मोठ्या माणसाचे काम आधी पुष्कळ वेळ पाहायचे. मग त्याच्या हाताखाली थोडे करायचे. मग कोणी बघत नसताना स्वतःला अजमावायचे. आणि आपल्याला येते याची खात्री पटली, की मगच चारचौघांत दाखवायचे. कच्चे असताना लोकांसमोर चुकावे आणि चुकत चुकत शिकावे, ही शाळेची रीत त्यांना विचित्र वाटत होती.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ बसलो. कारण ओरेगनमधल्या त्या मुलांची रीत मला अजिबात परकी नव्हती. मी असाच शिकलो होतो.

माझे वडील दरबारी गवई. त्यांच्या तालमीत मला पहिली दोन वर्षे गायला परवानगीच नव्हती. मागे बसून तंबोरा छेडायचा आणि ऐकायचे. “आधी कान, मग कंठ,” एवढेच ते म्हणत. घरातली माणसे झोपल्यावर मी उशीत तोंड खुपसून गुणगुणत असे. ते त्यांना ठाऊक होते हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. एके दिवशी त्यांनी मागे न पाहताच ‘हं’ म्हटले, आणि मी गायलो. त्या दोन वर्षांत नानांच्या नातीच्या बाई जर आमच्या दिवाणखान्यात येऊन बसल्या असत्या, तर त्यांनी माझ्याविषयी काय लिहिले असते, हे सांगायला नको.

एवढी ओळख असूनही मीच एका मुलीच्या बाबतीत चुकलो. ती गोष्ट सांगणे सुखाचे नाही, पण ती गाळली तर या लेखाला अर्थ उरणार नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात नऊदहा वर्षांची एक मुलगी येत असे. शहराच्या पूर्वेकडच्या आदिवासी मुलखातून आलेली, येथे वसतिगृहात राहणारी. नेमाने यायची, शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसायची. मी क्रमाने एकेकाला उभे करून भूपाचा आरोह-अवरोह म्हणायला सांगत असे. तिची पाळी आली, की ती उभी राही, मान खाली घाली, आणि एक सूर निघत नसे. मी रागावलो नाही. गोड बोललो, पुन्हा पुन्हा संधी दिली. पुढे पुढे तर मी तिला मुद्दाम पहिली उभी करू लागलो, भीड चेपावी म्हणून! सहा महिन्यांनी मी वहीत शेरा लिहिला : ‘आवाज नाही. गोडी नाही.’ परीक्षेला बसवायच्या मुलांच्या यादीत तिचे नाव घातले नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मला वर्गाला यायला उशीर झाला. जिन्यात असतानाच वरून भूपाचा छोटा ख्याल ऐकू आला. स्थायी, अंतरा, दोन्ही चोख. आणि गंधारावरून षड्‌जावर येताना मी नेहमी घेतो ती छोटीशी मींडसुद्धा. मी वर पोहोचलो. तीच मुलगी दोन लहान मुलींना समोर बसवून शिकवत होती. मला पाहताच ती उठून भिंतीशी गेली. त्या वर्षाअखेर ती गावी परतली ती पुन्हा आली नाही. यादी आधीच गेली होती. नाव घालायचे म्हटले असते तरी घालता आले नसते. आणि खरे सांगायचे तर, घालण्यासाठी मी कुठे फारशी धावपळ केली?

तिला येत नव्हते असे नाही. मी ज्या रीतीने विचारत होतो त्या रीतीने तिला सांगता येत नव्हते. आणि माझ्या वडिलांनी मला जी मुभा दिली होती, ती मी तिला दिली नाही. कारण आता मी गुरूच्या बैठकीवर बसलेलो नव्हतो, वर्गात उभा होतो. आणि वर्गाला उत्तर घड्याळाच्या ठोक्यावर लागते.

याची दुसरी बाजूही आहे. माझ्याकडे एका दुकानदाराचा मुलगा येत असे. मी बोलत असताना मध्येच “एम केम, साहेब?” असे विचारायचा. यमनात मध्यम तीव्रच का? भूपात मध्यम-निषाद का नाहीत? मला ते उद्धटपणाचे वाटे. एकदा मी त्याच्या वडिलांना बोलावून तक्रार केली. ते शांतपणे म्हणाले, “साहेब, पूछे नहीं तो शीखे केम?” त्यांच्या घरी मुलगा शाळेतून आला की दुकानावर बसतो, गिऱ्हाइकांशी बोलतो, मालाचा भाव वडिलांना विचारतो, वडील कारण सांगतात. विचारणे म्हणजे आदर नसणे, हे गणित त्या घरात नव्हतेच.

त्या दिवशी मला वडिलांची एक चीज आठवली. जौनपुरीतली. तिच्या अंतऱ्याची शेवटची जागा ते कधी एक तऱ्हेने घेत, कधी दुसऱ्या. यांतली मूळची कोणती, हे मी कधीच विचारले नाही. विचारणे आमच्या घरी शहाणपणाचे नव्हते. वडील गेले. मी ती जागा दोन्ही तऱ्हांनी शिकवतो, आणि मुलांनी कारण विचारले तर माझ्यापाशी उत्तर नाही. आपल्या शांत शिस्तीचे गोडवे गाताना तिने आपल्याकडून काय घेतले, तेही जमेस धरले पाहिजे.

यावर नाना म्हणतील, की मग त्या अमेरिकन बाईंचेच बरोबर म्हणायचे का? त्यांची बाजू समजून घेणे भाग आहे. त्यांच्या शाळेच्या परंपरेत बोलणे हा विचाराचा पुरावा मानतात. मूल बोलले म्हणजे ते विचार करते आहे. गप्प राहिले तर आत काय चालले आहे ते कळायला मार्ग नाही, म्हणून काळजी. परंतु हे समीकरण सर्वांना लागू नाही. हीजंग किम या संशोधिकेने 2002 साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. आकृत्यांची कोडी सोडवताना मनातला विचार मोठ्याने बोलत राहा, असे सांगितले, तर युरोपीय वंशाच्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्या कामात फरक पडला नाही. पूर्व आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांचे काम मात्र खालावले. बोलण्याने त्यांच्या विचारात खंड पडत होता. तंबोरा लावत असताना कोणी गप्पा मारू लागले तर जे होते, तेच.

मग शिक्षकाने करावे काय? याचे एक उदाहरण हवाई बेटांत घडले. तेथील मूळच्या हवाईयन मुलांची वाचनात पीछेहाट होत होती, आणि तक्रार होती ती वॉर्म स्प्रिंग्जच्या उलट : मुले एकमेकांच्या बोलण्यात बोलतात, पाळी पाळत नाहीत. 1970 च्या दशकात होनोलुलूमध्ये कामेहामेहा संस्थेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांनी एक गोष्ट हेरली. या मुलांच्या घरी गोष्ट एकटा माणूस सांगत नाही. दोघेतिघे मिळून, एकमेकांची वाक्ये उचलत, गुंफत सांगतात. आपल्या भजनात बुवांनी ओळ सोडली, की टाळकरी ती वरच्यावर झेलतात, तसे. मग वाचनाच्या तासाला बाईंनी पाळीचा आग्रह सोडला. धड्यावर मुलांनी मिळून बोलावे, एकमेकांत मिसळून बोलावे, फक्त बोलणे धड्याविषयी असावे. कॅथरिन आऊ यांनी या धड्यांचा बारकाईने अभ्यास केला. मुले धड्याच्या आशयाविषयी अधिक बोलू लागली, आणि या कार्यक्रमात वाचनही सुधारले.

परंतु पुढचा भाग अधिक शिकवणारा आहे. हीच पद्धत ॲरिझोनामधल्या रफ रॉक येथे नावाहो मुलांच्या शाळेत नेली, तेव्हा ती जशीच्या तशी लागू पडेना. हवाईयन मुले मुलगे-मुली मिळून चारपाचांच्या गटात रमत. नावाहो मुले दोघातिघांच्या, आणि मुलग्यांचे वेगळे, मुलींचे वेगळे अशा गटांत अधिक मोकळी होत. म्हणजे ‘मूळ रहिवाशांची मुले’ अशी एक सरसकट जात मानून चालेना. एका घरची किल्ली दुसऱ्या कुलपाला लागत नाही. शिक्षकाला प्रत्येक वेळी दारापाशी जाऊन पाहावेच लागते.

हे सारे नुसत्या समजुतीच्या घोटाळ्यापाशी थांबते असेही नाही. अमेरिकन सरकारच्या शिक्षण खात्याने 2014 साली जाहीर केलेल्या 2011-12 च्या आकड्यांप्रमाणे, सरकारी बालवर्गांतल्या मुलांत कृष्णवर्णीय मुले 18 टक्के होती. पण ज्यांना एकाहून अधिक वेळा शाळेतून तात्पुरते काढले गेले, त्यांत ती 48 टक्के होती. बालवर्ग म्हणजे तीनचार वर्षांची मुले! येल विद्यापीठात वॉल्टर गिलियम यांनी 2016 साली एक प्रयोग केला. बालवर्गाच्या शिक्षकांना चित्रफिती दाखवून सांगितले, की यात कोणते मूल दंगा करणार आहे त्यावर नजर ठेवा. त्यात दंगा मुळी कोणी करतच नव्हते. शिक्षकांचे डोळे कोठे खिळतात हे यंत्राने मोजले, तर ते कृष्णवर्णीय मुलग्यावर अधिक वेळ खिळले होते. जेथे दंगा शोधायचा, तेथे तो सापडतोच. आपल्या शाळांत ‘त्या वस्तीतली मुले’ असे म्हणून आपण कोणावर आधीच नजर ठेवतो, हे ज्याने त्याने मनाशी पाहावे.

बडोद्याच्या माणसाला हा विषय दूरचा वाटू नये. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 साली तो साऱ्या राज्याला लागू केला. मुलगे आणि मुलीही. त्या कायद्याने शेतकऱ्याचे, कारागिराचे, कारकुनाचे मूल प्रथमच एका फळ्यासमोर आणून बसवले. गाण्याचेही तेच. 1886 साली येथे गायनशाळा निघाली, मौलाबक्ष यांनी स्वरलिपीच्या पुस्तकांवरून वर्गात गाणे शिकवायला घेतले, आणि जी विद्या घरंदाज उंबरठ्याच्या आत होती ती फळ्यावर आली. हे उपकार मोठे आहेत. माझे पोट त्यांवरच चालते. परंतु सर्वांना एका खोलीत आणले, म्हणजे सर्वांना एकच बोलायची रीत येते असे नाही. खोली राज्याने दिली. तीत बसलेल्या मुलाला ओळखायचे काम शिक्षकाकडे राहिले.

एक सावधगिरीही हवी. मूल गप्प आहे, म्हणजे ती त्याच्या घरची रीत, असे म्हणून हात झटकणे हाही आळसच. गप्प मुलाला कमी ऐकू येत असेल. भाषा कळत नसेल. कोणी छळत असेल. पोटात काही नसेल. घरी तेच मूल बडबडे असेल आणि शाळेतच मिटत असेल, तर चौकशी केलीच पाहिजे. रीतिभाती जाणून घ्यायच्या त्या मूल नीट दिसावे म्हणून. त्याला नवी चिठ्ठी चिकटवायला नव्हे.

हे सारे मी त्या संध्याकाळी नानांना एवढ्या विस्ताराने सांगितले नाही. आम्ही दोघांनी मिळून मुलाला पाठवण्यासाठी एक पत्र तयार केले. त्यात बाईंना विचारायच्या तीन गोष्टी होत्या : ती एखाद्या मैत्रिणीबरोबर जोडीने काम करताना बोलते का? तासानंतर तुमच्यापाशी एकटी आली तर बोलते का? आणि उत्तराआधी तिला थोडा वेळ, किंवा कागदावर लिहायची मुभा दिली, तर काय होते? शिवाय एक माहिती : आमच्या घरी मोठे बोलत असताना खाली पाहणे हा आदर समजतात, तिला वाईट वाटेल अशा रीतीने तो मोडू नये.

पत्र संपल्यावर नाना काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आणखी एक ओळ घाला, मास्तर. तिला म्हणावे, बाईंना प्रश्न विचारला तर आजोबांना राग येणार नाही.”

ती ओळ मी घातली. मला वाटते, साऱ्या पत्रात तीच नातीसाठी होती, बाकीचे बाईंसाठी. उत्तर अजून आलेले नाही.

माझ्या वर्गात मात्र एवढे केले आहे, की आता पहिल्या महिन्यात कोणालाही एकट्याने उभे करत नाही. तिघातिघांचे गट करतो, मी खोलीबाहेर जिन्यात जाऊन उभा राहतो, आणि ऐकतो. जुनी वही अद्याप कपाटात आहे. तो शेरा खोडलेला नाही; नवीन मुलांची नावे लिहायच्या आधी तेवढे पान एकदा वाचतो.